अर्धे यंत्र : वऱ्हाडच्या जिनिंगविषयी

‘रोबो’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोटारींचा कारखाना येतो : पोलादी हात, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि आसपास माणूस नाही. हे चित्र मनात घेऊन कोणी रिसोडला आले तर त्याची निराशाच होईल. वाशीम जिल्ह्यातले, आजही रेल्वेच्या वाटेवर नसलेले हे तालुक्याचे गाव. भोवताली सोयाबीन, तूर, आणि आता मागे पडलेला कापूस. यंत्रमानव पाहायचा तर येथल्या तरुणाला पुण्याजवळ चाकणला जावे लागते. तरीही माणसाच्या हातचे काम यंत्राकडे जाण्याचा अनुभव या मुलखाला नवा नाही. तो दीडशे वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात सरकीपासून होते.

कापसाच्या वजनात रुई जेमतेम एक तृतीयांश, उरलेली सरकी. ती वेगळी केल्यावाचून कापूस ना कातता येतो ना दूर धाडता येतो. पूर्वी हे काम घरोघर दोन रुळांच्या चरकीवर होत असे. एका हाताने रूळ फिरवायचा, दुसऱ्याने कापूस सारायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. हे बहुतांशी बायकांचे काम, घरच्या रामरगाड्यातले, आणि म्हणून हिशेबात न धरलेले.

ते हिशेबात आले एकोणिसाव्या शतकात, आणि तेही लंडनमध्ये. कार्ल मार्क्सच्या ‘भांडवल’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) यंत्रांवरील प्रकरणात हिंदुस्थानातल्या या चरकीचे आकडे दिले आहेत. जुन्या चरकीवर एक पुरुष आणि एक स्त्री मिळून दिवसाला २८ पौंड रुई काढीत, डॉ. फोर्ब्स यांनी सुधारलेल्या यंत्रावर एक माणूस आणि एक मुलगा २५० पौंड काढू लागले. आणि बैलांनी फिरवलेली अशी सोळा यंत्रे पूर्वीच्या ७५० माणसांचे काम करू लागली. मार्क्सचा तेथला मुद्दा यंत्रातून मालात किती मूल्य उतरते हा आहे, आणि आकडे त्याने हिंदुस्थान सरकारच्या अधिकाऱ्याने १८६० साली वाचलेल्या एका निबंधातून उचलले आहेत. त्या साडेसातशेंचे पुढे काय झाले हा प्रश्न निदान त्या आकडेवारीत कोठे येत नाही. तो विचारायला ती माणसे आधी मजूर म्हणून मोजली गेलेली असायला हवी होती.

मधल्या एका फसगतीचा उल्लेख येथे केला पाहिजे. अमेरिकेत एली व्हिटनीने १७९३ साली दातेरी जिन बनवले, त्यावर तिकडचे सगळे कापूसराज्य उभे राहिले. कंपनी सरकारने ते यंत्र इकडे आणून पाहिले. धारवाडकडे अमेरिकन बियाण्याच्या कापसावर ते चालले; पण आखूड धाग्याच्या देशी कापसाचा धागा त्या दात्यांखाली तुटे. वऱ्हाडात अखेर टिकले ते रुळांचेच जिन, म्हणजे मॅकार्थीने १८४० साली पेटंट घेतलेले : चामड्याचा खरबरीत रूळ रुई ओढतो, स्थिर पाते सरकी अडवते आणि हलते पाते तिला ठोकून खाली पाडते. नीट पाहिले तर ही आपली चरकीच, फक्त वाफेवर चालणारी. भारतातल्या बहुतेक जिनिंगमध्ये आजही या कुळातली दुहेरी रुळांची यंत्रे चालतात.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली; त्याच दशकात रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली; १८७० साली खामगावला फाटा मिळाला. रुळांच्या कडेने जिनिंग आणि प्रेसची धुराडी उभी राहिली. रिसोड पडले घाटावर, तेव्हाच्या वाशीम जिल्ह्यात (हा जिल्हा १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि १९९८ मध्ये पुन्हा वेगळा झाला). इकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून जायचा. यंत्र गावात आले नाही तरी गावातली चरकी थांबवायला ते पुरेसे होते, कारण व्यापाऱ्याला आता रुई नको होती, कापूसच हवा होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहीत आहे तिच्याकडे येतो. हे जिन अर्धेच यंत्र होते. रुई ओढण्याचे काम तेवढे त्याने घेतले. त्याच्या तोंडी कापूस मात्र मूठमूठ करून माणसानेच द्यायचा. यंत्रांची लांब ओळ, तिला फिरवणारे पट्टे, हवेत तरंगणारा कीस, आणि प्रत्येक यंत्रासमोर कापूस सारणारी एक बाई. आवारातून कापूस डोक्यावर वाहून आणायचा तो बायकांनी, निघालेली रुई कवटाळून प्रेसकडे न्यायची तीही त्यांनीच. चरकीवर असताना थकले की हात थांबवता येत असे. आता वेग इंजिनाचा आणि हात तेवढा आपला.

कायद्याने या हाताकडे पाहिले ते उशिरा. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. जिनिंग हा हंगामी धंदा, तो सुखेनैव बाहेर राहिला. पुढे मुंबई सरकारच्या १८८४-८५ च्या फॅक्टरी कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगविषयी साक्षी झाल्या. बायका पहाटे चार-पाचला कामावर येत आणि रात्री उशिरा सुटत. हंगामाच्या गर्दीत तर दिवस-रात्र सलग काम चाले, असे त्यांतून पुढे आले. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांसाठी दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही तेव्हा सुधारणा होती.

यंत्र अर्ध्यावर का थांबले? कापूस आपोआप सारणारी यंत्ररचना अशक्य नव्हती. पण जिथे हात स्वस्त आहे तिथे यंत्राचा खर्च कोण करणार? जगातला पहिला औद्योगिक यंत्रमानव, ‘युनिमेट’, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. त्याला पहिले काम दिले ते साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे, म्हणजे माणसाला नकोसे आणि घातक असलेले. तिकडे मजुरी महाग, संघटना बळकट. म्हणून यंत्राच्या वाट्याला आधी वाईट काम आले. आमच्याकडे सोपे ओढण्याचे काम यंत्राला गेले आणि धुळीतले, गोंगाटातले काम शंभराहून अधिक वर्षे हातालाच राहिले. ‘रोबो’ हा शब्द ज्यातून रूढ झाला त्या कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकात तो चेक भाषेतल्या वेठीच्या शब्दावरून घेतला आहे, हे या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही.

जिनिंगमधला तो हात शेवटी निघाला, पण त्याच्या मालकिणीची कीव येऊन नव्हे. गिरण्यांची तक्रार होती की भारतीय गाठींत घाण फार निघते : गोणपाटाचे धागे, प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या, पिसे आणि माणसांचे केस. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि तिच्या एका भागातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला अनुदान दिले. त्या दशकात विदर्भातल्या अनेक आवारांत फरशा आल्या, हवेच्या झोताने कापूस ओढणारे नळ आले, आपोआप कापूस सारणारे फीडर आले, रुई थेट प्रेसपर्यंत नेणारे पट्टे आले. १७० किलोची गाठ आता जवळजवळ हात न लागता बांधून निघते. जिच्या हातावर हा धंदा शतकभर चालला तिचा केस आता अशुद्धींच्या यादीत होता. मालकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. गिरणीवाल्याची तक्रार खरीच होती. पण कामाचे हाल शंभर वर्षांत जे करू शकले नाहीत ते धाग्यातल्या एका केसाने केले, हा क्रम नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

चाकणची कथा वेगळी वळली. तेथे बजाज ऑटोने २०१० पासून माणसाशेजारी, कुंपणाशिवाय चालणारे छोटे ‘सहयोगी’ रोबो जुळणीच्या कामात आणले. जुळणीच्या त्या ओळीवर स्त्री-कामगारांची संख्या मोठी आहे आणि जोर लावण्याचे, पुन:पुन्हा नट आवळण्याचे काम हे रोबो करतात. येथे हात काढला नाही, त्याचा भार काढला. हे वर्षभर चालणाऱ्या, कायम नोंदीच्या कारखान्यात घडू शकले. हंगामी आवारातल्या रोजंदारीच्या बाईसाठी असे काही करण्याची गरज कोणाला वाटली नाही. तिला फक्त पुढल्या दिवाळीनंतर बोलावणे आले नाही.

आणि या साखळीची पहिली कडी अजून हाताचीच आहे. कापूस वेचणारी यंत्रे अमेरिकेत १९४० च्या दशकापासून शेतात आहेत. रिसोडच्या शिवारात मात्र दिवाळीच्या सुमारास आजही बाया कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात, बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे खरचटतात, आणि संध्याकाळी काट्यावर वजन होऊन किलोच्या भावाने मजुरी ठरते. ट्रॉली भरून जिनिंगच्या फाटकातून आत गेली की त्या कापसाला सहसा पुन्हा कोणाचा हात लागत नाही.