ज्ञानकोशात न सापडलेला प्लूटो

आमच्या घरी माजघराच्या भिंतीत एक कपाट होते. खालच्या खणात लोणच्याच्या बरण्या आणि वरच्या दोन खणांत डॉ. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. संच पुरा नव्हता; २३ खंडांपैकी चौदा-पंधराच उरले होते. बाकीचे लोकांनी वाचायला नेले ते परत आलेच नाहीत, असे आजी सांगे. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी उन्हात जायची बंदी असली की आम्ही भावंडे एखादा जाडजूड खंड दोघांनी धरून खाली उतरवायचो आणि सारवलेल्या गार जमिनीवर पालथे पडून वाचायचो. वाचायचो म्हणजे काय, एक शब्द शोधायला निघायचे आणि वाटेत भेटलेल्या दुसऱ्याच शब्दापाशी रमायचे. निम्म्याहून अधिक मजकूर डोक्यावरून जाई. पण जगात इतके काही आहे आणि ते मराठीत लिहिता येते, एवढे मात्र पक्के कळले.

ते मराठीत यावे यासाठी केवढी खटपट झाली होती, हे पुढे कळले. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४-१९३७) अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९१६ च्या सुमारास नागपूरला त्यांनी ज्ञानकोशाची उभारणी सुरू केली. पाठीशी सरकार नव्हते की विद्यापीठ नव्हते. त्यांनी एक मंडळी काढली, तिचे भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. पुढे काम पुण्याला हलले. १९२० मध्ये पहिला खंड निघाला आणि ते दशक संपण्याच्या सुमारास तेविसावा. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. त्यांतला पाचवा खंड ‘विज्ञानेतिहास’ या नावाचा आहे, ही गोष्ट विज्ञानशिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. कोशातील सुट्या माहितीआधी विज्ञान कसकसे वाढत गेले हे वाचकाला सांगावे, असे केतकरांना वाटले होते. आम्हांला या खंडाचे महत्त्व तेव्हा कळले असते, तर पुढे सांगतो तो घोटाळा झाला नसता.

झाले असे. शाळेत गुरुजींनी नऊ ग्रह पाठ करून घेतले होते. प्रत्येकाने एकेका ग्रहाची माहिती लिहून आणायची होती आणि आमच्या वाट्याला शेवटचा, प्लूटो आला. आम्ही मोठ्या ऐटीत घरी आलो, कारण कपाट घरात होते! संध्याकाळपर्यंत खंड उलटेपालटे केले. जिथे ग्रहांविषयी लिहिले होते ते सगळे धुंडाळले. प्लूटो कुठेच सापडेना. धाकटी बहीण म्हणाली, “गुरुजी चुकले.” आम्हांलाही तसेच वाटू लागले. एवढे मोठे पुस्तक कसे चुकेल?

आजोबा अंगणात सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “पुस्तक केव्हाचे आहे ते आधी बघा.” आम्ही पाने उलटून छपाईचे साल शोधले. मग गुरुजींना विचारले, प्लूटो केव्हा सापडला? उत्तर मिळाले, १९३०. ज्ञानकोश छापून झाला, त्यानंतर!

प्लूटो सापडला त्याची हकीकत मोठी वाचनीय आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ नावाचा तरुण काम करीत होता. कॅन्ससमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरी स्वतः दुर्बिणी बनवणारा. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची आणि ती उपकरणात आलटून पालटून पाहायची, हे त्याचे काम. तारे जागच्या जागी राहतात. ग्रह असेल तर त्याचा ठिपका सरकलेला दिसतो. २३ व २९ जानेवारी १९३० च्या छायाचित्रांत असा एक सरकलेला ठिपका १८ फेब्रुवारीला त्याच्या नजरेस पडला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

नाव मिळाले ते मात्र न्याहारीच्या टेबलावर. १४ मार्चला इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे एक आजोबा वर्तमानपत्रातली ही बातमी घरात वाचून दाखवत होते. त्यांची ११ वर्षांची नात व्हेनेशिया बर्नी हिला पुराणकथा वाचायची आवड होती. रोमन पुराणातील पाताळाच्या देवाचे, प्लूटोचे, नाव तिने सुचवले. आजोबा बॉडलियन ग्रंथालयाचे माजी ग्रंथपाल. त्यांनी ते एका खगोलशास्त्रज्ञाला कळवले, त्याने अमेरिकेला तार केली आणि तेच नाव ठरले. ही मुलगी पुढे शिक्षिका झाली. ज्या घरात मोठी माणसे मोठ्याने वाचतात आणि मुलांचे म्हणणे ऐकून घेतात, त्या घरात असे घडू शकते.

ग्रंथ साल पाहून वाचावा हा पहिला धडा. दुसरा धडा मायकेल फॅरडेकडून घ्यावा. लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या खंडातून त्याला विजेची पहिली ओळख झाली आणि जेन मार्सेट या बाईंच्या संवादरूपी पुस्तकातून रसायनशास्त्राची. पण वाचून तो थांबला नाही. पुस्तकातले विधान खरे की खोटे हे आठवड्याच्या चार पैशांत बसतील अशा लहान लहान प्रयोगांनी त्याने पडताळून पाहिले. विधान प्रयोगात उतरले म्हणून त्याचा पुस्तकावर विश्वास बसला. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावणारा फॅरडे या दुकानात घडत होता.

आता आमच्या कपाटाकडे परत येऊ. २००५ मध्ये प्लूटोच्या पलीकडे एरिस सापडला. तो प्लूटोएवढाच, किंबहुना थोडा मोठा असावा असे तेव्हा वाटले. मग तोही ग्रह म्हणायचा का? आणि त्यानंतर सापडतील ते? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली. त्याने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल झालेले असावे आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. तिसरी अट प्लूटो पुरी करीत नाही. तो बटुग्रह ठरला. असे पूर्वीही झाले होते. १ जानेवारी १८०१ ला सापडलेला सेरेस कित्येक वर्षे ग्रहांत मोजला जात होता. पुढे तो लघुग्रहांत गेला आणि २००६ मध्ये बटुग्रह झाला.

त्या दिवशी बहिणीचा फोन आला. “दादा, शेवटी ज्ञानकोशच बरोबर निघाला की!”

खरेच निघाला का? आम्हांला वाटते, नाही. १९२० च्या दशकातल्या कोशात प्लूटो नाही, कारण तो कोणाला ठाऊकच नव्हता. आजच्या ग्रहमालिकेत तो नाही, कारण तो चांगला ठाऊक आहे. ‘आठ’ हे उत्तर दोन्हीकडे तेच, पण त्यामागचे ज्ञान निराळे. परीक्षेत दोन्ही उत्तरांना सारखेच गुण मिळतील. फरक दिसायचा असेल, तर “कशावरून?” असे विचारावे लागेल.

ब्रिटानिकाची छापील आवृत्ती बंद होत असल्याचे २०१२ मध्ये जाहीर झाले. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा. तो आता संगणकावरही वाचता येतो. मुलांना माहिती क्षणात मिळते, पण पडद्यावरच्या मजकुराला पिवळी पाने नसतात. तो केव्हाचा हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून आजोबांचा प्रश्न आज अधिकच विचारायला हवा.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. गावातील वाचनालयातून वेगवेगळ्या काळातली तीन संदर्भपुस्तके आणावीत. अशी जुनी पुस्तके रद्दीत जात असतील, तर ती आधी मागून घ्यावीत. ग्रह, अणू, क्षयरोग, डायनोसॉर असा एखादा शब्द मुलांनी तिन्हींत शोधावा आणि वहीत तीन रकाने आखावेत: पुस्तकाचे साल, त्यात काय म्हटले आहे, आणि मधल्या काळात कोणता शोध लागला म्हणून मजकूर बदलला. तिसरा रकाना भरायला वेळ लागेल. काही मुलांचा तो रिकामाच राहील. तरी गुण कापू नयेत. पुढच्या आठवड्यात ती वही पुन्हा उघडावी.