कोडमधली चूक मशीनला सापडते, मग ती दुरुस्त का होत नाही?

२१ फेब्रुवारी २०१४ ला ॲपलनं आयफोनसाठी एक छोटं अपडेट आणलं, आयओएस ७.०.६. यात ना नवं फीचर होतं, ना नवा इमोजी. दुरुस्त केली होती ती कोडमधली एक चूक, आणि ती चूक म्हणजे चुकून दोनदा लिहिली गेलेली एक ओळ.

त्या ओळीत फक्त दोन शब्द होते, 'गोटू फेल'. त्यामुळे हा बगही पुढे याच नावानं ओळखला गेला.

नेमकं काय झालं होतं?

फोनवरून बँकेची किंवा ईमेलची साइट उघडली की समोरचा सर्व्हर खरंच त्या बँकेचा आहे का, हे फोन तपासतो. ही तपासणी टप्प्याटप्प्यानं होते. एखादा टप्पा नापास झाला, तर 'गोटू फेल', म्हणजे पुढचं सगळं सोडून थेट शेवटाकडे जा, असा आदेश कोडमध्ये असतो.

ॲपलच्या कोडमध्ये एका अटीखाली हा आदेश दोनदा आला. पहिला अटीला बांधलेला होता, दुसरा मोकळा. त्यामुळे तोवरच्या टप्प्यांत काहीही चुकलेलं नसतानाही प्रोग्राम थेट शेवटाकडे उडी मारायचा आणि सही तपासण्याचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा राहूनच जायचा. वर निकाल काय, तर 'पास'. कारण तोवर कुठे चूक नोंदलेलीच नसायची.

सोसायटीच्या वॉचमननं पाहुण्याचं नाव लिहून घेतलं, फ्लॅट नंबर लिहून घेतला आणि वर फोन न करताच गेट उघडलं, असा हा प्रकार. त्याच वाय-फायवर बसलेल्या एखाद्याला बँकेचा सर्व्हर असल्याचं सोंग घेता आलं असतं. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेल्या आयओएस ६ पासून ही चूक कोडमध्ये होती. मॅक कॉम्प्युटरमध्येही ती होती, तिथलं अपडेट चार दिवसांनी आलं.

मशीनला हे दिसलं नसतं का?

दिसलं असतं. कोड न चालवता, फक्त वाचून त्यातल्या चुका शोधणाऱ्या पद्धतीला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' नावाचं टूल बनवलं. लिंट म्हणजे कपड्यांना चिकटणारे बारीक धागे. कोडला चिकटलेली तशी बारीकसारीक घाण वेचून काढणं हे त्याचं काम. आज जावास्क्रिप्टसाठी ईएसलिंट, पायथनसाठी पायलिंट अशी नावं ऐकू येतात, ती याच लिंटवरून आली.

ही टूल्स काम कशी करतात? शाळेत वाक्यपृथक्करण करताना कर्ता, कर्म, क्रियापद वेगळं काढायचे, तसं टूल आधी कोडचे तुकडे पाडतं आणि कोणता तुकडा कशाखाली येतो याची झाडासारखी मांडणी करतं. मग प्रोग्राम कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकतो याचा नकाशा बनवतं. एखाद्या ओळीपर्यंत एकही वाट पोचत नसेल, किंवा एखादी किंमत ठरायच्या आधीच वापरली जात असेल, तर टूल वॉर्निंग देतं.

'गोटू फेल'मध्ये अगदी हेच होतं. त्या जादा ओळीनंतरच्या तपासणीपर्यंत प्रोग्राम पोचूच शकत नव्हता. अशी न पोचणारी ओळ दाखवणारी वॉर्निंग क्लँग या कंपायलरमध्ये तेव्हाही होती. पण ती वेगळी चालू करावी लागायची. गंमत म्हणजे, 'सगळ्या वॉर्निंग' असं नाव असलेला नेहमीचा पर्याय निवडला तरी त्यात ती येत नव्हती!

२०१६ मध्ये आलेल्या जीसीसी ६ या कंपायलरनं मात्र फसव्या मांडणीची वॉर्निंग त्या नेहमीच्या पर्यायातच घातली. ओळ अटीखाली असल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात नाही, असं दिसलं की हा कंपायलर लगेच सांगतो.

मग सगळ्या वॉर्निंग चालूच का ठेवत नाहीत?

कारण 'लांडगा आला रे आला'. प्रोग्राम कोणत्याही परिस्थितीत कसा वागेल, हे फक्त कोड वाचून दर वेळी अचूक सांगणं गणितानंच अशक्य ठरवलंय. त्यामुळे टूलला अंदाज बांधावा लागतो आणि काही वेळा ते उगाच ओरडतं. शंभर वॉर्निंगपैकी साठ खोट्या निघाल्या, तर उरलेल्या चाळीस कोण वाचणार? म्हणूनच गूगलनं आपल्या आतल्या व्यवस्थेत नियम केला, की ज्या वॉर्निंगवर प्रोग्रामर काहीच करत नाहीत, त्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे.

पण खोट्या वॉर्निंग हे एकच कारण नाही. फेसबुकचा अनुभव इथे डोळे उघडणारा आहे. २०१४ च्या सुमारास तिथे 'इन्फर' हे टूल वापरात आलं. सुरुवातीला ते सगळा कोड तपासून चुकांची यादी प्रोग्रामर्सच्या हातात द्यायचं. यादीतल्या बहुतेक चुका खऱ्या होत्या. तरी दुरुस्त किती झाल्या? जवळपास शून्य.

मग एकच गोष्ट बदलली. प्रोग्रामर नवा बदल तपासणीसाठी पाठवतो, त्याच वेळी त्या बदलातली चूक टूल त्याला तिथेच दाखवू लागलं. दुरुस्तीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेलं.

टूल तेच होतं, बदलली ती वेळ. महिन्यांपूर्वी लिहिलेला कोड पुन्हा डोक्यात आणणं कंटाळवाणं असतं आणि जुनी चूक नेमकी कुणी दुरुस्त करायची, हेही ठरलेलं नसतं. आत्ता लिहिलेली ओळ मात्र डोक्यात ताजी असते आणि ती कुणाची, हाही प्रश्न येत नाही.

टूल असलं की काम झालं?

नाही. ७ एप्रिल २०१४ ला 'हार्टब्लीड' जगासमोर आला. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या कोडमधला हा बग दोन वर्षं तिथेच होता. समोरचा जेवढा डेटा मागेल तेवढा, एका वेळी ६४ केबीपर्यंत, सर्व्हर आपल्या मेमरीतून काढून द्यायचा. त्यात पासवर्डही निघू शकत होते. कोव्हेरिटीसारख्या नावाजलेल्या टूललाही तो तेव्हा पकडता आला नव्हता. नेटवर्कवरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे टूलला नंतर शिकवावं लागलं. टूल शोधतं ते त्याला शोधायला सांगितलेलंच.

या क्षेत्रात पुण्याचंही नाव आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटरमध्ये कोड तपासणाऱ्या टूल्सवर संशोधन होत आलंय. तिथल्या टीसीएस रिसर्चचं 'व्हेरीॲब्ज' हे टूल एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही उतरलंय.

कोडिंग शिकणाऱ्यांनी काय करायचं?

जुन्या प्रोजेक्टवर एकदम टूल चालवून हजार वॉर्निंगचा डोंगर उभा करू नका. टूल आजपासून लिहिल्या जाणाऱ्या कोडवर लावा. मोकळ्या जागा, स्वल्पविराम असल्या मांडणीच्या चुका ईएसलिंटसारखी टूल्स स्वतःच दुरुस्त करतात, त्या त्यांच्यावर सोडा. 'ही ओळ कधीच चालणार नाही' असं टूल म्हणालं, तर मात्र ती ओळ नुसती उडवू नका. आधी विचारा, ती चालायला हवी होती का? ॲपलच्या कोडमध्ये न चालणारी ओळ बरोबर होती. चूक तिच्या वरच्या ओळीत होती.

आणि कोडशी काही संबंध नसेल, तर एवढं करा. पुढच्या वेळी 'सिक्युरिटी अपडेट' असं नोटिफिकेशन आलं, की ते उद्यावर ढकलू नका.