नवजात श्वसनसाहाय्य, नळीविरहित

श्वासनलिकेत नळी न घालता नाकावाटे हवा देऊन नवजात बाळाचा श्वास टिकवण्याच्या पद्धती. सीपॅप (सतत ठरावीक दाबाने हवा), हाय-फ्लो (नाकात जास्त प्रवाहाने सोडलेली हवा) आणि एनआयपीपीव्ही (मधूनमधून वाढीव दाबाचे श्वास) हे त्यांतील मुख्य प्रकार. अकाली जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांत वायुकोश उघडे ठेवणारे सर्फॅक्टंट अपुरे असल्याने श्वास सोडताना वायुकोश मिटतात. सततच्या दाबाने ते उघडे राहतात, हे जॉर्ज ग्रेगरी व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले. बबल सीपॅपमध्ये उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात बुडवतात. टोक ५ सेंमी बुडाले की दाबही साधारण तेवढाच मिळतो आणि तो डोळ्यांनी पाहता येतो. हाय-फ्लोमध्ये बाळाला मिळणारा दाब मोजलाच जात नाही.

कोयना, मोरणा, तारळी यांच्या खोऱ्यांत विखुरलेल्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासाठी पद्धत निवडताना, पहिला उपाय फसल्यावर पुढे काय, हा प्रश्न निर्णायक ठरतो. हाय-फ्लो वापरायला सोपे आणि नाकाला कमी इजा करणारे, म्हणून लहान रुग्णालयांना तेच बरे, असे म्हटले जाते. सोय खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा. २०१६ च्या हिपस्टर चाचणीत हाय-फ्लो २५.५ टक्के बाळांत अपुरे पडले, सीपॅप १३.३ टक्क्यांत. नळी घालण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही, हे खरे; पण हाय-फ्लोवर न सावरलेल्या बाळांना तिथे सीपॅप देता येत होते. म्हणजे हाय-फ्लोची सुरक्षितता शेजारच्या सीपॅपवरच उभी होती! ऑस्ट्रेलियातील दुय्यम स्तराच्या रुग्णालयांत झालेल्या २०१९ च्या हंटर चाचणीतही अपुरे पडण्याचे प्रमाण हाय-फ्लोचे २०.५, तर सीपॅपचे १०.२ टक्के आले. पाटणहून पुढचे उपचार म्हणजे कराड किंवा सातारा. घाटवाटांच्या वाडीतून आलेल्या बाळाला हा आणखी एक प्रवास असतो.

एनआयपीपीव्हीने सीपॅपपेक्षा नळीची गरज घटते, असे एकत्रित विश्लेषणे सांगतात. पण त्यासाठी बहुधा व्हेंटिलेटर आणि तो हाताळणारे कुशल हात लागतात. ते मोठ्या केंद्रांचे काम आहे. सीपॅपही निर्धोक नाही. २००८ च्या कॉइन चाचणीत जन्मताच सीपॅप दिलेल्या बाळांत फुप्फुसाबाहेर हवा साचण्याचे प्रमाण ९ टक्के होते, नळी घातलेल्यांत ३. अनियंत्रित ऑक्सिजनने दृष्टिपटलाला इजा होते, ती वेगळीच. हे धोके धरूनही तालुका पातळीवर बबल सीपॅपच पहिली पसंती असावी. मात्र हवा-ऑक्सिजन मिसळणारा ब्लेंडर, पल्स ऑक्सिमीटर आणि रात्रपाळीलाही प्रशिक्षित परिचारिका नसेल, तिथे ते सुरू करू नये.