विंचू उतरला, घाम थांबेना

कोकणात विंचू चावला की माणसाला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्याची रीत होती. खांद्यापर्यंत चढलेली कळ मंत्राच्या जोरावर बोटाच्या टोकापर्यंत उतरवायची, एखादी मुळी उगाळून लावायची, आणि सकाळ होईपर्यंत वाट पाहायची. या विद्येला फारसं अपयश येत नसे. कारण बहुतेक दंश नुसतेच दुखतात आणि ती कळ दिवसभरात आपोआप ओसरते. यश मांत्रिकाच्या नावावर जमा होई. ज्यांची सकाळ उजाडत नसे, त्यांच्याबद्दल ‘वेळ भरली होती’ असं म्हटलं जाई.

गंमत म्हणजे वेळ भरलेल्या अशा रुग्णांना अनेकदा दंशाच्या जागी फारसं दुखत नसे. ओरडणारा रुग्ण बहुधा वाचे. गप्प पडलेल्या, घामाने निथळणाऱ्या, हातपाय बर्फासारखे गार पडलेल्या रुग्णाचं काही खरं नसे. काही तासांत त्याला धाप लागे, खोकल्याबरोबर लालसर फेस येई आणि सगळं संपे. मरणाऱ्यांत लहान मुलं जास्त असत.

१९६१ मध्ये मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याची नोंद केली. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतं, हे त्यामुळे जगाच्या वैद्यकीय साहित्यात आलं. ते का भरतं आणि थांबवायचं कसं, हे मात्र खेड्यातल्या डॉक्टरला कुठलंच पुस्तक सांगत नव्हतं. ॲट्रोपिन, स्टिरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शनं, गुंगीची औषधं, जे हाताशी असेल ते दिलं जाई. त्यातलं ॲट्रोपिन तर घातकच. आधीच उधळलेल्या हृदयाचा उरलासुरला लगामही ते काढून घेतं.

याच काळात, १९७६ साली, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जांभ्या दगडाचा, भाताच्या पेंढ्याचा आणि कौलारू घरांचा हा मुलूख तांबड्या विंचवाला मानवणारा. लाकडं काढताना, पेंढा उचलताना, अंधारात चपलेत पाय घालताना दंश ठरलेला. बावस्करांनी केलं ते दिसायला अगदी साधं होतं. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, हातापायांची ऊब पुन्हा पुन्हा तपासून लिहीत गेले. मोठ्या इस्पितळात रुग्ण पोहोचेपर्यंत नाटकाचा तिसरा अंक सुरू झालेला असे. बिरवाडीत मात्र पहिल्या अंकापासून ते समोर घडत होतं. उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्यांमध्ये लिंगाला येणारा ताठरपणा ही येऊ घातलेल्या हृदयसंकटाची पूर्वचिन्हं आहेत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

या चिन्हांचा अर्थ लावायला विंचवापासून जरा लांब जावं लागतं. १८९४ मध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी लंडनमध्ये दाखवलं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा अर्क टोचला की प्राण्याचा रक्तदाब झपाट्याने चढतो. १९०१ च्या सुमारास जोकिची ताकामिने यांनी त्या अर्कातलं द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. तेच ॲड्रेनालिन. १९४६ मध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी मज्जातंतूंच्या टोकांशी त्याचं भावंड, नॉरॲड्रेनालिन, शोधलं. डोपामिनसह ही मंडळी कॅटेकोलामाइन कुळातली. संकटात नाडी वाढवणारी, रक्त कातडीकडून स्नायूंकडे वळवणारी, साठवलेली साखर रक्तात सोडणारी. ती नसती तर अंथरुणातून झटकन उठतानाही चक्कर आली असती. पण ती सेकंद-मिनिटांच्या कामासाठी घडलेली आहेत. तासन्‌तास त्यांचा पूर चालू राहिला तर हृदयाचा स्नायूच पोळतो. अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ झालेल्या माणसांत हेच दिसतं, आणि जबर मानसिक धक्क्यानंतर काहींचं हृदय फुगतं तेव्हाही यांच्याकडेच बोट जातं. संत एकनाथांच्या भारुडातला विंचू काम-क्रोधाचा आहे आणि तो चावलेल्याला घाम फुटतो. रूपक सोळाव्या शतकातलं, पण शरीरशास्त्राला त्यात खोडायला फारसं काही सापडणार नाही.

तांबड्या विंचवाच्या विषातली छोटी प्रथिनं मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतात. तंतू थांबायचं विसरतात आणि त्यांच्या टोकांतून, तसंच अधिवृक्क ग्रंथींतून, ही द्रव्यं ओसंडून वाहू लागतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलत राहतं, वॉल्व्ह बंद असताना पाण्याची मोटर चालू ठेवावी तसं. ते थकलं की रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं. थोडक्यात, विंचू ठिणगी टाकतो. घर जाळणारं रॉकेल माणसाच्या घरातच साठवलेलं असतं.

या रॉकेलला हात घालण्याचा एक प्रयत्न मुंबईत आधीच होऊन गेला होता, तोही नकळत. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने उच्च रक्तदाब उतरतो हे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये दाखवलं. पुढे कळलं की तिच्यातलं रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांमधले कॅटेकोलामाइनचे साठे रिकामे करतं. पण हे काम सावकाश चालतं. विंचू चावलेल्या पोराला तेवढी सवड नसते.

सवड नसलेल्यांसाठी उपाय निघाला तो रक्तदाबाच्याच दुसऱ्या एका गोळीतून. कॅटेकोलामाइनना शरीरात आल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे ग्राहक असतात, हे आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्येच सुचवलं होतं. रक्तवाहिन्या आवळण्याचं काम आल्फाचं. प्राझोसिन ही गोळी नेमकी तिथेच आडवी येते. धडधडतंय म्हणून नुसता बीटा अडवला तर आल्फाला रान मोकळं मिळतं आणि हृदयावरचा भार वाढतो. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम. डी. करून बावस्कर महाडला परतले होते. १९८६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. गंभीर रुग्णांतले ३० ते ४० टक्के जिथे दगावत, तिथे हे प्रमाण हळूहळू एक-दोन टक्क्यांवर आलं.

गोळी स्वस्त, पोटातून देण्याची, आरोग्य केंद्राच्या कपाटात मावणारी. सूचनाही सोप्या: हातपाय गरम होईपर्यंत ठरलेल्या अंतराने देत राहा आणि रुग्णाला एकदम उठवून बसवू नका, कारण मग रक्तदाब कोसळतो. महागड्या यंत्राऐवजी तळपायाला लावलेला हात उपचाराची दिशा ठरवू लागला. कोकणातल्या वैद्यकीय संशोधनाबद्दल कमी बोललं जातं, त्यात या तळपायाचा मान मोठा आहे.

मग विष निकामी करणाऱ्या प्रतिविषाचं काय? इथे गोष्ट सरळ राहत नाही. एकदा कॅटेकोलामाइन सुटल्यावर विष पुसून उपयोग काय, असा आक्षेप बरीच वर्षं घेतला जात होता आणि तो पटण्यासारखाही होता. महाडमध्येच ७० रुग्णांवर त्याची परीक्षा झाली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला प्रतिविष. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेले निष्कर्ष असे की प्रतिविष मिळालेले रुग्ण सरासरी ८ तासांत सावरले, तर नुसत्या प्राझोसिनवरच्यांना सुमारे १८ तास लागले. म्हणजे ठिणगीही विझवायला हवी होती. ज्यांचं नाव प्राझोसिनशी कायमचं जोडलं गेलं, त्याच दांपत्याने त्याच्या एकट्याच्या मर्यादा मोजून छापल्या, हे मला पद्मश्रीपेक्षा मोठं वाटतं. ती बावस्करांना २०२२ मध्ये मिळाली.

विंचू उतरवणारे त्या मुलखातून एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत. फरक वेळेच्या हिशेबात पडला. पूर्वी मंत्रात रात्र गेली तरी पुढे जाऊन हाती लागण्यासारखं काही नव्हतं. आता तालुक्याला गोळी आहे, प्रतिविष आहे, आणि त्या दोन्हींचा उपयोग घाम फुटल्यापासून किती लवकर पोहोचता यावर अवलंबून आहे.