दिनविशेष : ८ जून
१९८९ : पॅरिसजवळच्या ल बुर्जे विमानतळावर हवाई प्रदर्शनात सोव्हिएत ‘मिग-२९’ हे लढाऊ विमान कोसळले. नाक वर धरून, अतिशय मंद वेगात विमान नेण्याची कसरत वैमानिक अनातोली क्वोचुर करत असताना उजव्या इंजिनात पक्षी शिरला. विमान एका अंगाला कलंडून नाकावर आदळले. त्याआधी, जमीन जेमतेम शंभर मीटरवर असताना क्वोचुर ‘के-३६’ या वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या आसनासह बाहेर फेकले गेले आणि बचावले. याच प्रदर्शनात व्हिक्टर पुगाचोव्ह यांनी ‘सुखोई-२७’चे नाक भर उड्डाणात उभे करून पार मागे झुकवले आणि लगेच सरळ केले. विमानाचा वेग झपाट्याने घटला, उंची मात्र जवळपास तीच राहिली. ही कसरत ‘पुगाचोव्हचा कोब्रा’ म्हणून जगभर गाजली.