चौथ्या युनिटचा हौद

(सर्व वेळा जपानच्या. आपलं घड्याळ साडेतीन तास मागे.)

३० नोव्हेंबर २०१०
फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राचं चौथं युनिट ठरलेल्या दुरुस्तीसाठी बंद झालं. भट्टीच्या आतलं पोलादी आवरण बदलायचं होतं, म्हणून गाभ्यातल्या सगळ्याच्या सगळ्या ५४८ इंधनजुड्या काढून शेजारच्या हौदात ठेवल्या. हा हौद इमारतीच्या वरच्या भागात, जवळजवळ १२ मीटर खोल. त्यात आता १,५३५ जुड्या झाल्या. २०४ कोऱ्या, बाकी वापरलेल्या. वापरलेल्या इंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम परत काढण्यासाठी जपानने रोक्काशोला १९९३मध्ये कारखाना बांधायला घेतला होता. २०११ उजाडलं तरी तो सुरू व्हायचं नाव घेत नव्हता.

७ जानेवारी २०११, तारापूर
पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पुनर्प्रक्रियेच्या नव्या कारखान्याचं उद्घाटन केलं. आपल्या दादऱ्याहून तारापूर सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटर. वापीला गाडीत बसून बोईसरला उतरणाऱ्यांना ही वाट पाठ आहे.

साठ्याचं दुखणं आपल्याकडेही जुनंच. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, १९६९मध्ये सुरू झालेल्या, फुकुशिमासारख्याच उकळत्या पाण्याच्या जातीच्या. इंधनाचा करार अमेरिकेशी, १९६३चा, ३० वर्षांचा. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर सूर बिघडला आणि त्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला अमेरिकेची संमती मिळेना. कारखाना त्याच आवारात, पण त्यात विरघळायचं ते राजस्थान आणि मद्रासच्या भट्ट्यांचं इंधन. तारापूरचं स्वतःचं पाण्यात पडून. हौद पुरेना, तेव्हा भट्ट्यांपासून वेगळा आणखी एक हौद बांधावा लागला.

पुनर्प्रक्रियेने सगळं मिटतं असंही नाही. जुड्यांचे तुकडे करून ते उकळत्या नायट्रिक आम्लात विरघळवतात, युरेनियम-प्लुटोनियम वेगळं काढतात. उरतं ते अतितीव्र किरणोत्सारी पाणी. ते काचेत मुरवून पोलादी डब्यांत भरतात. तारापूरला असे डबे हवेच्या झोतावर थंड होत ठेवलेले असतात. मला विचाराल तर हौदापेक्षा हे शंभरपट बरं, पण त्यासाठी माल हौदातून बाहेर तर निघाला पाहिजे.

११ मार्च, शुक्रवार, दुपारी २:४६
९.० तीव्रतेचा भूकंप. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर लागले. दादऱ्यात सकाळचे सव्वाअकरा.

दुपारी ३:३८
सुनामीचं पाणी आत घुसलं. जनरेटर गेले, वीजफलक बुडाले, चौथं युनिट पूर्ण अंधारात. त्याच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात पाहणीला उतरलेले दोन तरुण कर्मचारी परत वर आलेच नाहीत.

हौदाचे पंपही थांबले. तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती. पहिल्या तीन युनिटांच्या भट्ट्या भूकंपापर्यंत चालू होत्या आणि सगळी धावपळ त्यांच्यासाठी होती. पण वापरलेलं इंधन भट्टी बंद केली म्हणून गार होत नाही. चौथ्या हौदातल्या जुड्या त्या दिवशी सव्वादोन मेगावॉट उष्णता सोडत होत्या. घरातले अकराशे गीझर एकाच हौदात सोडून बटण काढून टाकावं, तशी. या हिशेबाने उकळी आल्यावर रोज ऐंशी-नव्वद टन पाणी वाफ होऊन जाणार. जुड्यांवर पाणी होतं सुमारे सात मीटर.

१२ मार्च, दुपारी ३:३६
पहिल्या युनिटमध्ये हायड्रोजनचा स्फोट.

१४ मार्च, पहाटे ४:०८
चौथ्या हौदाचं तापमान ८४ अंश. एरवी ते तिशीच्या आत असतं.

सकाळी ११:०१
तिसरं युनिट फुटलं.

१५ मार्च, सकाळी ६:१४च्या सुमारास
चौथ्या युनिटमध्ये स्फोट. वरच्या मजल्यांच्या भिंती उडाल्या. आता हे कोडंच होतं. या भट्टीत इंधनाची एक जुडीही नाही, मग हायड्रोजन आला कुठून? एकच उत्तर सुचत होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं: हौद आटला. जुड्या उघड्या पडल्या की त्यांचं झिर्कोनियमचं वेष्टन वाफेशी झुंजून हायड्रोजन सोडतं आणि पुढे हवेत स्वतःच पेट घेऊ शकतं. भट्टीभोवती निदान पोलादी पात्र तरी असतं. हौदावर आता छप्परही धड राहिलं नव्हतं.

केंद्रातले सुमारे ६५० लोक जवळच्या फुकुशिमा दाइनी केंद्रात हलवले. सत्तरेक जण मागे राहिले. साडेनऊनंतर चौथ्या इमारतीत आग दिसली.

१६ मार्च
पहाटे ५:४५ला पुन्हा आग. दुपारी हेलिकॉप्टर वरून गेलं, तेव्हा हौदात पाणी चमकताना दिसलं. त्याच तारखेला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे अध्यक्ष ग्रेगरी याझ्को संसदेला सांगत होते की हौदात पाणी उरलेलं नाही. अमेरिकेने आपल्या नागरिकांना ८० किलोमीटरच्या बाहेर जायला सांगितलं. हेच वर्तुळ तारापूरभोवती काढलं तर दादरा, सिल्वासा, वापी आणि दमण, सगळं आत.

१७ मार्च, सकाळी ९:४८
लष्करी हेलिकॉप्टरांनी पाणी टाकलं ते तिसऱ्या युनिटवर, कारण चौथ्यात पाणी दिसलं होतं. टीव्हीवर ते दृश्य पाहिलेल्यांना आठवत असेल, निम्मं पाणी वाऱ्यानेच नेलं.

२२ मार्च
काँक्रीट ओतायचा ५८ मीटर हाताचा पंप चौथ्या हौदावर आणून लावला. आता कुठे पाणी नेमकं जागेवर पडू लागलं.

२५ मार्च
जपानच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष शुन्सुके कोंदो यांनी सरकारला सगळ्यात वाईट शक्यता कागदावर मांडून दिली. हौद पेटला तर १७० किलोमीटरपर्यंत सक्तीने हलवावं लागेल आणि २५० किलोमीटरपर्यंतच्या लोकांना स्वखुशीने निघू द्यावं लागेल. त्या दुसऱ्या वर्तुळात टोकियो. आपल्या नकाशावर पहिल्यात मुंबई, नाशिक, सुरत, दुसऱ्यात पुणे.

नंतर कळलं ते
हायड्रोजन तिसऱ्या युनिटचा होता, धुराड्याकडे जाणाऱ्या सामायिक नळीतून उलटा आलेला. आणि हौद वाचला तो दिरंगाईमुळे. आवरण बदलण्याच्या कामासाठी भट्टीवरचा खड्डा पाण्याने भरला होता. ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे ते पाणी मार्चच्या पहिल्या आठवड्यातच उपसायचं होतं, पण काम रेंगाळलं आणि पाणी तिथेच राहिलं. हौदाची पातळी उतरू लागली तसं मधल्या दाराच्या फटीतून ते आपोआप हौदात झिरपलं.

त्याच आवारात ४०८ जुड्या नऊ जाड पोलादी कोरड्या पिंपांत होत्या. तिथेही सुनामीचं पाणी शिरलं, कचरा साचला, पिंपं शाबूत. त्यांना ना पंप लागतो, ना वीज. आपल्या केंद्रांत फुकुशिमानंतर बाहेरून पाणी जोडायचे नळजोड बसवले गेले. बरं झालं. पण नळजोड म्हटला की तिथे वेळेवर पोहोचणारा माणूस आणि पाणी, दोन्ही आलं.

२२ डिसेंबर २०१४
चौथ्या हौदातली शेवटची जुडी निघाली. वापरलेल्या जुड्या गेल्या त्याच आवारातल्या सामायिक हौदात. रोक्काशोचा कारखाना तेव्हाही सुरू झालेला नव्हता.