मॉर्फिनची भीती कुठल्या कागदात सापडते?

विषय ठरला की आपण आधी कायदा वाचतो आणि बरेचदा तिथेच थांबतो. मीही थांबले होते. त्यात काय सुटलं, ते माझ्याच विषयातून सांगते.

बावधनहून चांदणी चौकातून हायवेला लागलात की पुढे वारजे. तिथे 1997 साली सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झालं. कॅन्सरच्या रुग्णाच्या वेदना आटोक्यात आणायच्या आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवायची, हे त्याचं काम. आता दुसरा आकडा बघा. त्याच 1997 मध्ये अख्ख्या भारतात औषध म्हणून वापरलेलं मॉर्फिन होतं जेमतेम 18 किलो. 1985 पासून 90 टक्क्यांहून जास्त घट! तीही औषधासाठी सरकारी परवान्याने अफू पिकवणाऱ्या देशात.

असं का झालं? 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, उघडून बघा. वैद्यकीय वापराला त्यात बंदी नाही. पण तेव्हा बऱ्याच गुन्ह्यांना शिक्षा किमान 10 वर्षांची होती, राज्याराज्यांचे नियम वेगळे होते आणि परवाने अनेक लागत. ही कटकट नको म्हणून हॉस्पिटलांनी आणि औषध दुकानांनी गोळी ठेवणंच सोडलं. गंमत म्हणजे 1986 मध्येच जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, की कॅन्सरच्या तीव्र वेदनेत मॉर्फिन तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे द्या. आपल्याकडे डॉक्टर-नर्सची एक पिढी ते न हाताळताच तयार झाली. 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी देशभर एकच नियम आले.

मग प्रश्न सुटला का? नाही. चिठ्ठीवर गोळी आली तरी घरात दोन वाक्यं उरतातच: ‘सवय लागेल’ आणि ‘हे म्हणजे शेवटचं औषध’. मग आजी कळ सोसते आणि गोळी डब्यात राहते. इथे काम येतं नर्सचं. ती समजावते: दुखायची वाट बघू नका, साधी गोळी ठरल्याप्रमाणे दर 4 तासांनी द्या. बद्धकोष्ठता होणारच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून द्या. सुरुवातीची मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत कमी होते. पण रुग्ण उठवूनही उठत नसेल किंवा श्वास फार मंद झाला, तर लगेच कळवा. मनाने डोस वाढवू नका, एकदम बंदही करू नका. शरीराला औषधाची सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनाचा धोका शून्य नसतो, म्हणूनच गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका.

हे संभाषण कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही. ते शोधायचं वेदना-नोंदीच्या तक्त्यात, गृहभेटीच्या वहीत, नर्सिंगच्या जुन्या अभ्यासक्रमात. अर्थात रुग्णाची ओळख झाकून आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊनच.

देशाच्या आलेखात 1997 हा तळ आहे, वारज्यात तीच सुरुवात आहे. दोन्ही खरं. फक्त आलेख घेतलात तर ती नर्स दिसणार नाही आणि फक्त केंद्र घेतलंत तर बाहेर कळ सोसणारी माणसं सुटतील. तुमच्या विषयातही कायदा वाचून झाला की एक प्रश्न विचारा: हा कागद घरापर्यंत कुणी पोचवला? प्रबंधाची सुरुवात बहुतेक तिथूनच होईल.